मोटारीचा विमा : अपघातापूर्वीची तरतूद आणि अपघातानंतरची कर्तव्ये

गोंदियाहून निघून गोरेगाव, मुरदोलीचे जंगल आणि डव्वा ओलांडीत कोहमाऱ्याजवळ नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गास मिळणारा रस्ता हा गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्याचा जीवनमार्ग होय. धानाची पोती राईस मिलकडे नेणारे ट्रॅक्टर, एस. टी. गाड्या, शाळेत जाणारी मुले, शिक्षकांच्या दुचाकी आणि अलीकडे वाढलेल्या खासगी मोटारी ही सारी वाहतूक या एकाच रस्त्यावरून होते. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रात्रीच्या वेळी एका मोटारीची धडक बसून जखमी झालेला वाघ उपचारासाठी नेत असताना मरण पावला. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही बस याच मार्गावर सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा गावाजवळ उलटून ११ प्रवासी मृत्युमुखी पडले.

बसच्या अपघातानंतर मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. एस. टी. महामंडळासारख्या सार्वजनिक उपक्रमाने अपघाताच्या दायित्वासाठी स्वतःचा निधी उभारला असल्यास कायदा त्यास विम्याच्या सक्तीतून सूट देऊ शकतो. खासगी वाहनाच्या मालकास अशी सूट नाही. त्याच्या ट्रॅक्टरखाली कोणी सापडला, तर त्या कुटुंबास भरपाई कोठून मिळावयाची, याचे उत्तर एका विमापत्रावर अवलंबून असते. परंतु विमापत्र घरात असणे आणि ते प्रसंगी उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यात काय समाविष्ट आहे, काय नाही, आणि अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत काय करावयाचे असते, याची माहिती नसल्यास हप्ता भरूनही नागरिक संरक्षणास मुकतो. गावोगावी ज्यांचा सल्ला घेतला जातो त्या सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचाऱ्यांस ही माहिती असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सक्ती कशाची व कोणासाठी ?

वाहनाचा विमा सक्तीचा आहे हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ही सक्ती वाहन सुरक्षित राहावे म्हणून नाही. रस्त्यावरील ज्या माणसाचा वाहनाशी काहीही संबंध नव्हता, त्यास किंवा त्याच्या वारसांस भरपाई मिळावी, हा या सक्तीमागील हेतू आहे. विम्याच्या करारातील पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा विमा कंपनी; हा माणूस तिसरा, म्हणून यास त्रयस्थ पक्षाचा किंवा प्रचलित भाषेत ‘थर्ड पार्टी’ विमा म्हणतात.

आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात या विम्याची तरतूद करण्यात आली व ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. भरपाईसाठी सर्वसामान्य माणसास दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागू नयेत यासाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. चूक कोणाची हे सिद्ध न करताही काही किमान रक्कम मिळावी, हे तत्त्व १९८२ मध्ये स्वीकारले गेले. त्या वेळी मृत्यूसाठी १५ हजार व कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये ठरले होते. आजचा मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. २०१९ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि विम्याविषयीच्या सुधारित तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या.

या अधिनियमाच्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविता येत नाही. हा नियम मोडल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास दंड ४ हजार रुपये अशी शिक्षा कलम १९६ मध्ये सांगितली आहे. खरी शिक्षा मात्र याहून फार मोठी असते. विमा नसलेल्या वाहनाने कोणाचा मृत्यू झाला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली लाखो रुपयांची भरपाई मालकास स्वतःच्या शेतीवाडीतून द्यावी लागते. मालकाजवळ काही नसल्यास हुकूमनामा हाती असूनही मृताच्या कुटुंबास काही मिळत नाही. एका हप्त्याच्या हयगयीने अशी दोन घरे बसतात.

विमापत्राचे तीन भाग

विमापत्र हाती आल्यावर त्यात पुढील तीन भाग आहेत काय हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.

पहिला भाग त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाचा. हा सक्तीचा असून त्याचे दर शासन ठरविते. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांनुसार १,००० घनसेंमी.पर्यंतच्या खासगी मोटारीस वार्षिक २,०९४ रुपये व ७५ ते १५० घनसेंमी.च्या दुचाकीस ७१४ रुपये असा हा हप्ता होता. या भागातून त्रयस्थ व्यक्तीच्या मृत्यूची वा शारीरिक इजेची भरपाई होते. त्याच्या मालमत्तेचे, म्हणजे घर, कुंपण, गुरे किंवा दुसरे वाहन यांचे नुकसानही यात येते. खासगी मोटारीच्या बाबतीत या मालमत्तेच्या नुकसानीस सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे. टक्कर, आग, चोरी, पूर, वीज, दंगल अशा कारणांनी वाहनाचे झालेले नुकसान यातून भरून मिळते. जंगलातून जाताना रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येऊन मोटारीची हानी झाली, तर तीही याच भागात येते. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा घेतलेल्यास या हानीबद्दल आपल्या कंपनीकडून काहीही मिळत नाही. पहिले दोन भाग एकत्र असलेल्या विमापत्रास लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

तिसरा भाग मालक–चालकाच्या व्यक्तिगत अपघात विम्याचा. याची रक्कम १५ लाख रुपये असून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच भागाकडे. शेतकरी आपल्या दुचाकीवरून परत येताना रस्त्यातील खड्ड्यात घसरून मरण पावला, दुसरे कोणतेही वाहन त्यात नव्हते, तर तो स्वतः त्रयस्थ पक्ष ठरत नाही. त्याच्या पत्नीस व मुलांस आधार देतो तो हाच भाग. त्यासाठी मालकाजवळ वाहन चालविण्याचा वैध परवाना असणे आवश्यक असते. हप्ता कमी व्हावा म्हणून विक्रेत्याने हा भाग वगळला नाही ना, हे विमापत्र घेतानाच पाहावे.

येथे एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीस ३ वर्षांचा व नवीन दुचाकीस ५ वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. विमापत्रावर ३ वा ५ वर्षांची तारीख पाहून मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी गाडीची हानी झाली म्हणजे तो भाग केव्हाच संपल्याचे त्यास कळते. तेव्हा विमापत्रावरील मुदतीच्या सर्व तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

संरक्षणाबाहेर कोण राहतो ?

विमा आहे, म्हणून वाहनातील प्रत्येकास संरक्षण आहे, असे समजणे चुकीचे आहे. ग्रामीण भागात पुढील प्रसंग वारंवार उद्भवतात.

लग्नाच्या वऱ्हाडासाठी मालवाहू गाडी वापरण्याची प्रथा आहे. मालवाहू वाहनाच्या विम्यात मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी समाविष्ट असतो; फुकट अथवा भाड्याने बसलेले प्रवासी नसतात. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्या आसनाची तरतूद नसते. रोवणीच्या दिवसांत मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजुरांच्या बाबतीत म्हणूनच विमा कंपनी दायित्व नाकारते. ट्रॉलीची नोंदणी व विमा स्वतंत्र आहे की नाही, हेही पाहिले जाते.

दुचाकीवर मागे बसणारा आणि खासगी मोटारीत मित्रत्वाने बसलेला प्रवासी यांना केवळ सक्तीच्या विम्यात संरक्षण मिळत नाही, असा न्यायालयांचा निर्णय आहे. त्यांच्यासाठी सर्वसमावेशक विमापत्र घ्यावे लागते. खासगी म्हणून नोंदलेली मोटार भाड्याने चालविणे, परवान्याविना किंवा मद्यप्राशन करून वाहन चालविणे यांमुळेही स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. परवान्याच्या संदर्भात एक दिलासा असा की, ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहतूक वाहनासाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

मालकाने विमापत्राच्या अटी मोडल्या म्हणून रस्त्यावरील निरपराध माणसाने मात्र निराश होण्याचे कारण नाही. चालकाजवळ योग्य परवाना नसल्यासारख्या प्रकरणांत विमा कंपनीने आधी त्रयस्थास भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. स्वर्ण सिंग प्रकरणातील २००४ च्या निर्णयाने हे तत्त्व दृढ झाले.

जुन्या वाहनाच्या विक्रीबाबतही फार सावध राहावे. स्टॅम्पपेपरवर लिहून, पैसे घेऊन वाहन दिले म्हणजे विक्रेत्याची जबाबदारी संपली असे होत नाही. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताचे दायित्व त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात ठरविले. विक्रेत्याने हस्तांतराची सूचना परिवहन कार्यालयास तत्काळ द्यावी आणि खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्रावर आपले नाव लावून घ्यावे.

अपघात घडताच काय करावे ?

टक्कर झाल्यावर माणूस भांबावतो. गर्दी जमते, आवाज चढतात. अशा वेळी पुढील क्रम ध्यानी ठेवल्यास जीव वाचतात आणि हक्कही शाबूत राहतात.

१. वाहन थांबवावे, इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत. रात्र असल्यास मागून येणाऱ्या वाहनांस सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी.

२. जखमींस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे कलम १३४ नुसार चालकाचे पहिले कर्तव्य आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जमावाच्या रोषामुळे घटनास्थळी थांबणे अशक्य झाल्यास कायदा ही अडचण मान्य करतो. परंतु अशा चालकाने पळून न जाता थेट पोलीस ठाणे गाठावे.

३. पोलीस घटनास्थळी नसल्यास जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, अपघाताची खबर द्यावी.

४. वाहने हलविण्यापूर्वी त्यांची स्थिती, रस्त्यावरील चाकांच्या खुणा, दोन्ही वाहनांचे क्रमांक व आजूबाजूच्या ओळखीच्या खुणा यांची छायाचित्रे मोबाइलवर काढावीत. दुसऱ्या चालकाचे नाव, परवाना व विम्याचा तपशील आणि साक्षीदारांची नावे टिपून घ्यावीत.

५. विमा कंपनीस त्वरित कळवावे. विमापत्राचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमींची नावे, चालकाचे नाव व परवान्याचा तपशील ही माहिती देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. केवळ सूचना देण्यास उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये कंपन्यांस बजावले आहे. तथापि उशिराचे समर्थन करीत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कळविणे केव्हाही श्रेयस्कर.

६. मोडलेली गाडी ओढून न्यावी. चालवून नेऊ नये. पुलावरील पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. मूळ अपघातानंतर आपल्या कृतीने जे नुकसान वाढते ते कंपनी देत नाही.

७. वन्य प्राण्यास धडक बसल्यास वनविभागास तत्काळ कळवावे. जखमी प्राण्याजवळ जाऊ नये.

रस्त्याने जाणाऱ्या इतरांचेही काही कर्तव्य आहे. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने लोक जखमीस हात लावीत नाहीत. कलम १३४-अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्यास करता येत नाही व रुग्णालय त्यास अडवून ठेवू शकत नाही. पहिल्या तासात गंभीर जखमीस रुग्णालयात पोचविणाऱ्यास केंद्र शासनाच्या राह-वीर योजनेत २५ हजार रुपयांचे पारितोषिक ठेवण्यात आले आहे. तसेच मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीस नामनिर्देशित रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत जखमीस थांबवून ठेवणे यापुढे तरी घडू नये.

जागेवरचा समेट

गावाकडे अपघात आपसात मिटविण्याची रीत आहे. ओळखपाळख निघते, चार माणसे मध्ये पडतात, दोन–चार हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. मोटारीस नुसता पोचा पडला असेल तर अशा समेटास हरकत नाही. माणूस जखमी असेल तर मात्र तो दोन्ही पक्षांस घातक ठरतो.

जखमीच्या दृष्टीने पाहता, डोक्यास लागलेला मार कित्येकदा दुसऱ्या–तिसऱ्या दिवशी बोलू लागतो. तोपर्यंत प्रथम खबर नाही, पंचनामा नाही, रुग्णालयात अपघाताची नोंद नाही, अशी स्थिती झालेली असते. पुढे न्यायाधिकरणापुढे अपघात झालाच होता, हे सिद्ध करणे त्यास कठीण जाते. वाहनमालकाच्या दृष्टीने पाहता, कंपनीच्या संमतीवाचून दायित्व कबूल करणे, रक्कम देणे अथवा देण्याचे वचन देणे हे विमापत्राच्या अटींविरुद्ध आहे. असे दिलेले पैसे कंपनी परत करीत नाही. उलट दाव्यास हरकत घेण्यास तिला कारण मिळते. म्हणून मध्यस्थी करणाऱ्या पोलीस पाटलांनी व पंचांनी आधी रुग्णालय, मग पोलीस ठाणे आणि त्यानंतरच बाकीचे बोलणे हा दंडक पाळावा.

गाडीच्या नुकसानीची भरपाई कशी ठरते ?

सूचना मिळाल्यावर कंपनी सर्वेक्षकाची नेमणूक करते. त्याने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. भरलेला दावा अर्ज, नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, विमापत्र, दुरुस्तीचा अंदाज आणि आवश्यक तेथे प्रथम खबरीची प्रत ही कागदपत्रे द्यावी लागतात.

दुरुस्तीचे पूर्ण देयक सहसा मिळत नाही. समजा, अडीच वर्षे वापरलेल्या मोटारीच्या दुरुस्तीस ६० हजार रुपये लागले. त्यात प्लास्टिक व रबराचे भाग २० हजारांचे, धातूचे भाग २४ हजारांचे आणि मजुरी १६ हजार रुपये आहे. प्लास्टिक व रबरावर ५० टक्के घसारा धरतात, म्हणून १० हजार मान्य होतात. या वयाच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा असल्याने २०,४०० रुपये मान्य होतात. मजुरी पूर्ण मिळते. एकूण ४६,४०० रुपयांतून १,५०० घनसेंमी.पर्यंतच्या मोटारीस लागू असलेली १ हजार रुपयांची अनिवार्य वजावट गेल्यावर ४५,४०० रुपये हाती येतात. उरलेले १४,६०० रुपये मालकाचे. घसारा न धरण्याची सोय जादा हप्ता भरून घेता येते. जंगलातील किंवा मोठ्या वाहतुकीच्या रस्त्यावर नित्य ये-जा करणाऱ्याने तिचा विचार करावा.

मोटार पूर्ण निकामी झाल्यास अथवा चोरीस गेल्यास विमापत्रावर नमूद असलेले घोषित मूल्य मिळते. हे मूल्य वाहनाच्या वयाप्रमाणे उतरत जाते. पाचव्या वर्षी ते याच वाहनाच्या नव्या किंमतीच्या निम्म्यावर येते. हप्ता वाचविण्यासाठी ते आणखी कमी लिहून घेणे म्हणजे आपणच आपली भरपाई कमी करून घेणे होय.

लहानसहान दुरुस्तीसाठी दावा करावा की नाही याचाही हिशेब मांडावा. एकही दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत ‘नो क्लेम बोनस’ म्हणजे सूट मिळते. तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करून पुढील वर्षी चार हजारांची सूट गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ही सूट जाते.

जखमींचे व वारसांचे हक्क

सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि माहितीचा अभाव सर्वाधिक आढळतो तोही येथेच. भरपाईचे मार्ग तीन आहेत.

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागत नसेल, तर कलम १६१ खालील योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे २५ हजार व साडेबारा हजार होत्या. हा अर्ज महसूल यंत्रणेकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे द्यावयाचा असून जिल्हाधिकारी त्यास मंजुरी देतात. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. ‘गाडीच सापडली नाही, तर भरपाई कसली ?’ असे म्हणून स्वस्थ बसलेली कुटुंबे आपल्या गावात आहेत काय, हे पंचायत सदस्यांनी आवर्जून पाहावे.

वाहन ठाऊक असेल, तर कलम १६४ नुसार चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात.

तिसरा मार्ग कलम १६६ खाली न्यायाधिकरणापुढे दावा करण्याचा. येथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. परंतु भरपाई मृताचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ठरत असल्याने ती वरील रकमेहून पुष्कळ अधिक असू शकते. दावा अपघात घडला तेथे, अर्जदार राहतो तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो. गोरेगावचा तरुण कामासाठी गेला असता नागपूर वा पुण्यात अपघातात दगावला, तरी त्याच्या आईवडिलांस गोंदिया येथेच दावा करता येईल. २०१९ च्या सुधारणेने अपघातापासून ६ महिन्यांत दावा दाखल करावा, अशी तरतूद केली आहे. तेव्हा दिवसकार्ये आटोपताच कागदपत्रांच्या मागे लागावे. पोलिसांनीही अपघाताचा तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास सादर करावयाचा असतो. त्याची चौकशी ठाण्यात करीत राहावे.

मृत व्यक्ती घरकाम करणारी स्त्री असेल, तर ‘तिला उत्पन्न नव्हते’ असे सांगून भरपाई कमी मान्य करण्याचे कारण नाही. गृहिणीच्या श्रमाचे मोल धरूनच भरपाई ठरवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुनश्च सांगितले आहे. रोवणीस व कापणीस जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर तिची मजुरीही दाखविता येते. दाव्यासाठी वकील करण्याची ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींस ते उत्पन्नाची अट न ठेवता मिळते. लोकअदालतीत अशी प्रकरणे तडजोडीने लवकर निकाली निघू शकतात.

कंपनीविरुद्ध तक्रार

स्वतःच्या वाहनाचा दावा कंपनीने नाकारला किंवा कमी रक्कम दिली, तर नकाराचे कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देण्याचा त्यांना अधिकार आहे. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला आहे. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मदत क्रमांक मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे. त्रयस्थाच्या इजेचा दावा मात्र न्यायाधिकरणापुढेच चालतो.

गावपातळीवर काय करता येईल ?

या साऱ्या तरतुदी अमलात आहेत, परंतु त्या कागदावरून माणसापर्यंत पोचविण्याचे काम गावातच व्हावयाचे आहे. खरीप हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत गावातील ट्रॅक्टर, ट्रॉली व मालवाहू वाहनांच्या विम्याची मुदत तपासण्याचा विषय घेता येईल. ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८ व ११२ या क्रमांकांबरोबरच पळालेल्या वाहनाच्या प्रकरणी तहसील कार्यालयात अर्ज करावयाचा असतो ही एक ओळ लिहिता येईल. शिक्षकांस वरच्या वर्गातील मुलांकडून घरच्या दुचाकीच्या विम्याची तारीख वहीत लिहून आणण्याचा पाठ देता येईल. मूल विचारू लागले म्हणजे बाप कागद शोधतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. अपघातग्रस्त कुटुंबास प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल व विमापत्राची प्रत मिळवून देण्यासाठी ग्रामपंचायतीने एका जाणत्या माणसावर जबाबदारी सोपविली, तर त्या घराचे निम्मे ओझे हलके होईल.

रस्ते रुंद होत आहेत, वाहने वाढत आहेत, आणि त्यांबरोबर धोकाही वाढत आहे. सावधपणे वाहन चालविणे हा अपघातावरील पहिला उपाय होय. तरीही प्रसंग ओढवला, तर उघड्यावर पडलेल्या घरास सावरण्यासाठी कायद्याने केलेली व्यवस्था हाताशी आहे. वेळेवर भरलेला हप्ता, नीट वाचलेले विमापत्र आणि २४ तासांत दिलेली खबर एवढीच अपेक्षा ती नागरिकाकडून करते.